फ्रिजमधली रेड वाइन पिण्याजोगी करताना या चुका टाळा

नाशिकच्या उन्हाळ्यात रेड वाइनची बाटली फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि ओट्यावर विसरलेल्या बाटलीची चव बिघडते. पण फ्रिजमधून काढलेली वाइन ४-५ अंशांवर असते. त्या थंडीत रेड वाइन शिराझ द्राक्षांची असो की कॅबर्ने सोविन्यॉन द्राक्षांची, वास येत नाही, फळाची चव दबून जाते आणि द्राक्षाच्या सालींतून येणाऱ्या टॅनिनचा तुरटपणा तेवढा पुढे येतो. मग लोक वाइनलाच नावं ठेवतात, चूक तापमानाची असते. हलकी रेड १२ ते १४ अंशांवर चांगली लागते, भरदार शिराझ किंवा कॅबर्ने १६ ते १८ वर. २० च्या पुढे अल्कोहोल नाकात चढू लागतं.

गरम पाण्यात बाटली बुडवणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. काच आणि तिला लागून असलेली वाइन झटकन तापते, मधला भाग थंडच राहतो. गरम वाइन हलकी होऊन वर, मानेकडे सरकते. त्यामुळे पहिला ग्लास कोमट आणि शेवटचा बर्फासारखा निघतो. पाणी फारच कढत असेल तर काच तडकू शकते, ते वेगळंच.

योग्य पाणी २२ ते २५ अंशांचं, म्हणजे हाताला जेमतेम गार लागणारं. बादलीत किमान पाच लिटर घ्या आणि बाटली खांद्यापर्यंत बुडवा. एवढं पाणी पूर्ण बाटलीला १०-११ अंश वर आणतं आणि स्वतः दोनच अंश उतरतं. दोन लिटरच्या पातेल्यात तेच पाणी चार-पाच अंश खाली येतं आणि काम रेंगाळतं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मध्ये दोनदा बंद बाटली हलकेच उलटीसुलटी करा, म्हणजे वरची आणि खालची वाइन मिसळते.

इथे उन्हाळ्यात एक फसगत होते. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चांगलंच तापलेलं असतं. ते ‘साधं पाणी’ समजून बादली भरू नका. घरातल्या पिंपातलं पाणी घ्या, नाहीतर त्यात माठातलं थोडं मिसळा.

सगळ्या ऋतूंना एकच वेळ लावणं

‘अर्धा तास आधी काढा’ हा सल्ला वर्षभर चालत नाही. बंद बाटली ५ वरून १६ अंशांवर यायला ३५ अंशांच्या खोलीत साधारण पाऊण ते एक तास लागतो, २५ अंशांच्या खोलीत दीड तास. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची घरं रात्री १८-२० अंशांवर येतात, तेव्हा तीन तासही कमी पडू शकतात. म्हणून हिवाळ्यात रेड फ्रिजमध्ये ठेवूच नये, घरातला अंधारा कोपरा तिला पुरेसा गार असतो.

कुठल्याही ऋतूत हव्या त्या तापमानाच्या दोन अंश आधी थांबा. ओतल्यावर वाइन ग्लासात आपोआप वर जाते, मे महिन्यात तर फार लवकर. तापमान मोजायचं तर स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर ओतलेल्या वाइनमध्ये बुडवा. बाटलीच्या तोंडाशी फक्त वरचा थर मोजला जातो.

मायक्रोवेव्ह, गॅस, ऊन

बाटली मायक्रोवेव्हमध्ये कधीही नको. मानेवरचं वेष्टण किंवा स्क्रू कॅप धातूची असते आणि बंद बाटलीत दाबही वाढतो. ओतलेला ग्लाससुद्धा आम्ही ठेवणार नाही. १५० मिलीची वाइन दहा सेकंदांत सात-आठ अंशांनी चढू शकते, तीही कुठे जास्त, कुठे कमी. शेगडीजवळ किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवलेली बाटली एकाच बाजूने तापते.

घाई असेल तर डिकँटर, म्हणजे वाइन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, वापरा. काचेचा जड डिकँटर गरम पाण्याने विसळून, पाणी निथळवून त्यात वाइन ओतली की पाच-सहा अंशांची वाढ लगेच मिळते. कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या डिकँटरने तीन-चार अंश मिळतात. पातळ स्टीलच्या जगचा उपयोग फारसा नाही, त्यात उष्णता साठतच नाही. डिकँटर नसेल तर ग्लास अर्ध्याहून कमी भरा आणि दोन्ही तळहातांत धरा.

बुडाशी खडे दिसले तर

थंडीमुळे टार्टारिक आम्लाचे क्षार स्फटिक होऊन तळाशी किंवा बुचाला चिकटतात. चिंचेला आंबटपणा देणारं आम्ल हेच. हे खडे म्हणजे काच नव्हे, साखर नव्हे, आणि ते अपायकारकही नाहीत. गरम केल्याने लगेच विरघळणार नाहीत, त्यामुळे त्यासाठी वाइन तापवू नका. बाटली दहा मिनिटं उभी ठेवा आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.

जास्त गरम झाली तर

पुन्हा फ्रिजमध्ये १५-२० मिनिटं, किंवा बर्फाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं. ग्लासात बर्फ टाकू नका, वाइन पातळ होते.

उघडलेली बाटली मात्र पुन्हा पुन्हा गरम-गार करू नये, हवेशी लागून चव लवकर उतरते. हवी तेवढीच ओता, झाकण घट्ट लावून उरलेली लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. पुढच्या वेळी बाटली नव्हे, फक्त ग्लास गरम होऊ द्या.