जुन्या चिनी पैशाची आजची किंमत काढताना या चुका टाळा

चीनच्या थांग राजवटीतला 1 वेन, म्हणजे मधोमध चौकोनी भोक असलेलं तांब्याचं एक नाणं, आजच्या हिशेबानं किती रुपयांचं? उत्तरं तीन येतात: सुमारे 4 रुपये, सुमारे 70 रुपये आणि 25 पैसे. तिन्ही उत्तरांतला गुणाकार-भागाकार बरोबर आहे.

पहिलं उत्तर धातूचं. 621 पासून पाडलं जाणारं काइयुआन तोंगबाओ हे नाणं साधारण 4.2 ग्रॅमचं. तांबं किलोला 1000 रुपये धरलं तर चार रुपये आणि काही पैसे होतात. नाण्यात शिसं आणि कथीलही असतं, तेव्हा थोडं कमीच. दुसरं उत्तर धान्याचं. 630 साली एक दोउ धान्य 3-4 वेनला मिळत होतं, अशी नोंद आहे. थांगचा दोउ सुमारे 6 लिटरचा, त्यात पाचेक किलो धान्य मावतं. किलोला 50 रुपये धरले तर 250 रुपयांचं धान्य साडेतीन वेनला, म्हणजे वेनचे 70 रुपये. तिसरं उत्तरही धान्याचंच, फक्त आन लूशान या सेनापतीच्या बंडानंतरचं (755–763). त्या धामधुमीत राजधानीच्या भागात दोउचा भाव 1000 वेनवर गेला. म्हणजे वेनचे 25 पैसे.

राजवंश पाहून दर लावणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. ‘थांगचा दर’, ‘सोंगचा दर’ (सोंग ही थांगनंतरची राजवट, 960–1279) अशी कोष्टकं इंटरनेटवर फिरत असतात. पण थांग राजवट 618 ते 907, जवळजवळ तीनशे वर्षांची. शिवकाळातल्या होनाचा आणि आजच्या रुपयाचा एकच दर कोणी सांगितला तर आपण हसू. तेव्हा आधी वर्ष ठरवा, मग प्रांत.

दुसरी गोम अशी की इतिहासकार नेहमीचा भाव सहसा लिहून ठेवत नाहीत. फार स्वस्ताई झाली किंवा दुष्काळ पडला की लिहितात. 630 चा भाव नोंदला गेला तो पीक उत्तम आलं म्हणून. त्याआधी तीनच वर्षं, 627 मध्ये, राजधानीच्या भागात एक दोउ धान्याला रेशमाचा एक तागा मोजावा लागत होता. अशा टोकाच्या भावांवर हिशेब बसवण्यापेक्षा करार, कायदे आणि सरकारी हिशेबातले आकडे घ्या. ते रुक्ष असतात, म्हणूनच भरवशाचे.

उदाहरणार्थ, हूबेई प्रांतातल्या युनमेंग इथे 1975 मध्ये सापडलेल्या छिन काळच्या (इ.स.पू. तिसरं शतक) बांबूच्या लेखी पट्ट्या. सरकारचं देणं अंगमेहनतीनं फेडणाऱ्याच्या खात्यात दिवसाला 8 नाणी जमा होत, सरकारी जेवण घेतलं तर 6. धान्याचा हिशेब शी या मापाला 30 नाणी. आता पडताळून पाहा. जेवणाचे 2 कापले, म्हणजे शीचा पंधरावा भाग. शी 20 लिटरचा, तेव्हा सव्वा लिटरच्या वर धान्य. एका कष्टकरी माणसाच्या दिवसाला हे पटण्यासारखं आहे. दोन आकडे एकमेकांना असे धरून बसतात तेव्हाच पुढे जावं.

धान्य आणि मजुरी यांपैकी एकच धरणं

हीच 8 नाणी घ्या. आजची मजुरी 500 रुपये धरली तर एका नाण्याचे साठ-बासष्ट रुपये. धान्यानं मोजलं तर 20 लिटर न सडलेलं, म्हणजे टरफलासकटचं, धान्य म्हणजे तेरा-चौदा किलो. किलोला 40 धरले तर नाण्याला 18 रुपयांच्या आसपास. तिपटीहून अधिक फरक, आणि चूक कुठेच नाही. आजच्या मजुराच्या दिवसाच्या कमाईत तेव्हापेक्षा कितीतरी जास्त धान्य येतं, तो फरक इथे दिसतो. म्हणून दोन्ही आकडे द्या. सरासरी काढू नका. तिला काही अर्थ नसतो.

मापाचं नाव तेच, माप वेगळं

पायली जिल्ह्यागणिक बदलते, तोळा 11.66 ग्रॅमवरून सराफाच्या दुकानात 10 ग्रॅमवर आला, हे आपल्याला माहीत असतं. चिनी मापांच्या बाबतीत मात्र विसरायला होतं. शी हान काळात (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) 20 लिटर, थांगमध्ये सुमारे 60, छिंगमध्ये (1644–1912) 100 च्या वर. जिन हे वजन हान काळात 250 ग्रॅम, आज 500. ल्यांग आज 50 ग्रॅमचा आणि जिनमध्ये 10; पूर्वी जिनमध्ये 16 असत. छिंग खजिन्याचा चांदीचा ल्यांग 37.3 ग्रॅमचा, म्हणजे जुने 3.2 तोळे. जकातीचा त्याहून किंचित जड, कर-धान्याच्या हिशेबाचा 36.7 च्या जवळपास.

धान्य सडलेलं की न सडलेलं, हेही बघा. जुनं प्रमाण 50 माप न सडलेल्याला 30 माप सडलेलं. आणि उत्तर चीनच्या नोंदीत ‘मी’ हा शब्द आला की भाषांतरात बिनदिक्कत ‘तांदूळ’ लिहितात, तिथे बरेचदा राळ्याचे तांदूळ असतात.

100 म्हणजे 100 च नाणी असं समजणं

ओवलेल्या माळेत हजार नाणी असतात हे पुस्तकी झालं. 977 मध्ये सोंग दरबारानं 77 नाण्यांना 100 म्हणावं असं ठरवून टाकलं. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काइफेंगमध्ये तर धंद्याधंद्याला वेगळी गिनती: सरकारी व्यवहारात 77, सामान्य बाजारात 75, सोन्या-चांदीला 74, मासे-मटण-भाजीला 72, मोती घेताना किंवा मोलकरीण ठेवताना 68, लेखी मजकुराला 56. नाण्यांच्या वजनावरून हिशेब करत असाल तर ही सूट कापा. त्याच बाजारातल्या धान्याच्या भावाशी तुलना असेल तर कापू नका, कारण तो भावही त्याच गिनतीत सांगितलेला असतो. दोन्हीकडे कापून बसणारे पुष्कळ.

सिचुआनची रक्कम असेल तर नाणी लोखंडी असू शकतात. सोंगच्या सुरुवातीला ती दहा दिली की तांब्याचं एक मिळे, असा काळही होता.

छापलेली किंमत खरी मानणं

759 साली पाडलेलं एक नाणं 50 वेनचं म्हणून चालवलं, आणि दोउचा भाव 7000 पर्यंत भडकला. छिंगच्या शिएनफेंग बादशहानं ताइपिंग बंडखोरांशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी 1853 पासून 10 ते 1000 वेनपर्यंतची नाणी काढली. बाजारानं त्यांना भरभक्कम बट्टा लावला. मिंग राजवटीची (1368–1644) 1375 ची कागदी नोट 1 ग्वान, म्हणजे 1000 वेन, म्हणजे 1 ल्यांग चांदी, असं सरकारनं ठरवलं. बदल्यात चांदी देणारं कोणी नव्हतं, म्हणून ती घसरत गेली.

त्याच वर्षीचा सरकारी दर 1 ल्यांग सोन्याला 4 ल्यांग चांदी. गेल्या वीस वर्षांत हे प्रमाण बहुतेक काळ 50 च्या वर राहिलं आहे. म्हणजे तीच रक्कम सोन्यातून रुपयांत आणली की चांदीच्या निदान बारा पट दिसते. छिंगचा 1000 वेनला 1 ल्यांग हा दरही कागदावरचाच. अठराव्या शतकाच्या मध्याला 1000 पेक्षा कमी वेन पुरत, 1850 च्या सुमाराला 2000 लागत.

पदांच्या नावातले आकडेही असेच. हान काळचा ‘दोन हजार शी’ दर्जाचा अधिकारी महिन्याला 120 माप धान्य घेई, वर्षाचं 1440. ‘दहा हजार शी’वाल्याला 4200.

(नाणेसंग्राहकांचा भाव हा वेगळाच विषय. 1080 साली एकट्या तांब्याची 50 लाखांहून अधिक ग्वान नाणी पाडली गेली, म्हणून त्या काळची साधी नाणी आजही स्वस्त मिळतात. त्यावरून तेव्हाच्या खरेदीशक्तीबद्दल काहीच कळत नाही.)

उत्तर पटत नसेल तर

अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा यांचा भागाकार करा. किती पट चूक आहे यावरून ती कुठली हे बरेचदा कळतं. 1.3 पट असेल तर 77 ची गिनती, किंवा 37.3 ऐवजी 50 ग्रॅमचा ल्यांग. 1.7 च्या जवळ असेल तर सडलेलं-न सडलेलं. दुप्पट असेल तर हानचा जिन आजचा धरलाय. पाचपट असेल तर हानच्या शीला छिंगचं माप लावलंय. दहापट असेल तर लोखंडी नाणं, नाहीतर ‘10 वेनचं’ मोठं नाणं. बारा किंवा जास्त असेल तर सोनं आणि चांदी यांची अदलाबदल. पट शेकड्यांत किंवा हजारांत असेल तर वर्ष पुन्हा पाहा: 630 चा भाव 759 नंतरच्या रकमेला लागला असण्याची शक्यता मोठी.