कोर्लईला जायचं तर काशीद सोडा

मुंबईहून एका दिवसात अलिबागच्या पुढचं कोर्लई होतं का, असं गिरगावातल्या माझ्या शेजारणी दर हिवाळ्यात विचारतात. होतं. अट एवढीच, त्या दिवशी फक्त कोर्लई करायचं. "एवढं लांब जातोच आहोत तर पुढे काशीदचा समुद्रकिनाराही करू" असं जो म्हणेल त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. सहा वर्षांपूर्वी भावाच्या घरच्यांबरोबर मी हे करून बसले. पोरं काशीदच्या वाळूतून उठेनात, परतीची गाडी उशिरा मिळाली, मांडव्याहून मुंबईला येणारी शेवटची बोट गेली. वडखळ, पनवेल करत आम्ही रात्री साडेबाराला घरी पोचलो. आणि कोर्लईचा किल्ला? तो आम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिला.

कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे डोंगराची एक चिंचोळी सोंड पाण्यात शिरली आहे. तीन बाजूंना पाणी, माथ्यावर किल्ला, पश्चिमेच्या अंगाला दीपगृह आणि जमिनीकडच्या बाजूला गाव. खाडीच्या पलीकडे रेवदंडा. एवढ्याशा जागेला पूर्ण दिवस कशाला, असं वाटेल. गावात दोन तास काढा, मग वाटणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. गेटवेहून मांडव्याला सकाळची पहिली बोट धरा. सहा-साडेसहाला धक्क्यावर असलात की झालं. रविवारी रांग मोठी असते, शक्य असेल तर आठवड्यातला दिवस काढा. पाण्यावरचा प्रवास तासाभराचा, आणि पुढे अलिबागपर्यंतची बस बऱ्याच बोटींच्या तिकिटातच धरलेली असते. तिकीट जपून ठेवा, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. बरोबर म्हातारं माणूस असेल किंवा स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, बरी पडते. हिवाळ्यात बोटीमागे पांढरे कुरव येतात आणि लोक त्यांना गाठ्या फेकतात. तुम्ही फेकू नका. तो पक्षी मासे खाणारा आहे.

अलिबागच्या एसटी स्टँडवर चहा आणि वडापाव उरकून घ्या, पुढे पोटभर खायला दुपारीच बसायचं आहे. मुरूडला जाणारी एसटी चौल, रेवदंडा, मग साळावचा पूल ओलांडून कोर्लईला थांबते. ती नाही मिळाली तर रेवदंड्यापर्यंत मिनीडोअर, म्हणजे माणशी भाड्याची टमटम, मिळते, तिथून रिक्षा. एसटीत बसलात तर चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू झाल्यावर फोन पिशवीत टाका.

गावात उतरल्यावर आधी किल्ला. ऊन चढायच्या आत वर गेलात तरच तिथे मन लागेल. गावातून समुद्राच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत सावकाश चालत अर्धा तास धरा. दीपगृहामागून पायऱ्या थेट तटाकडे जातात. पायऱ्या उंच आहेत, चप्पल नको, बूट घाला. माणशी दोन लिटर पाणी घ्या, वर काही विकत मिळत नाही. मी पहिल्यांदा एकच बाटली घेऊन गेले होते आणि अर्ध्यातून परत फिरले.

वर गेलात की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. किल्ला लांबच लांब आणि अरुंद आहे, दोन्ही हातांना पाणी दिसतं. एकामागून एक दरवाजे, गंजलेल्या तोफा, पाण्याचं टाकं, छप्पर नसलेलं चर्च आणि महादेवाचं छोटं देऊळ. किल्ला निजामशाहीतला. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला, 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. उत्तरेच्या टोकावर उभं राहिलं की कळतं, समोरच्या रेवदंडा बंदरात शिरणारं प्रत्येक गलबत या तोफांच्या नजरेखालून जात असणार.

आता गाव. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझा जीव खरा इथे अडकला आहे. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेतून इथे जन्मलेली एक बोली राहिली. कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबं ती आजही घरात बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे जेमतेम हजारभर. शब्द बहुतेक पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. पावणेतीनशे वर्षं मराठीच्या शेजारात राहून तिने आपली बसायची पद्धतच बदलली. आणि आपण तरी कुठे कोरडे राहिलो? पाव, बटाटा, कोबी, चावी, पगार, घमेलं हे आपल्या घरातले शब्द त्याच पोर्तुगीजांकडून आले.

ही बोली ऐकायची तर एक पथ्य पाळा. कुणालाही "जरा बोलून दाखवा ना" म्हणू नका. मी एकदा दारात बसलेल्या एका आजींना म्हटलं. त्या हसल्या, मराठीत "काय बोलू बाय?" म्हणाल्या आणि आत गेल्या. दिवसभर मला ते लागून राहिलं. पुढच्या वेळी मी सुकट घ्यायला थांबले. दोघी बायका माझ्याशी मराठीत भाव करत होत्या आणि मधेच एकमेकींशी त्यांच्या भाषेत बोलत होत्या, बहुतेक मला किती कमी करायचं याबद्दल. सूर इतका ओळखीचा, की शब्द कळत नाहीत हे क्षणभर लक्षातच आलं नाही. म्हणून सांगते, काहीतरी विकत घ्या, थांबा, घाई करू नका. माउंट कार्मेल चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत.

जेवण घरगुती खानावळीत. तळलेले ओले बोंबील, तांदळाची भाकरी, सोलकढी. पोचल्या पोचल्या सांगून ठेवलंत तर ताजं मिळतं, दीड वाजता जाऊन विचारलंत तर उरलेलं.

तीनच्या आत कोर्लई सोडा. रेवदंड्यात अर्धा तास हाताशी राहिला तर तिथला पोर्तुगीज कोट आणि सातखणी मनोरा बघा, नसेल तर सरळ अलिबाग. शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच तिकीट खिडकीवर विचारून ठेवा आणि त्याच्या आदल्या बोटीने निघायचं ठरवा. फेब्रुवारीनंतर गेलात तर रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील, एक घ्याच. आणि सुकट घेणार असाल तर घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांनी वास अडत नाही, परतीच्या बोटीत शेजारचा माणूस उठून जातो.