जुन्या गाडीत पॉवर सीट बसवताना या चुका टाळा

जुन्या गाडीच्या मऊ, कसलाच आधार नसलेल्या सीटवर दोन तास बसलं की कंबर धरते. म्हणून बटण दाबून पुढेमागे होणारी नव्या गाडीची सीट बसवावीशी वाटते, आणि ते योग्यच आहे. पण बहुतेक जण आधी सीट आणतात आणि मग टेप काढतात.

रुंदी सगळे मोजतात, उंची राहून जाते. पॉवर सीटच्या पोटात मोटर आणि गिअर असल्याने तिचं बूड जाड असतं. मग डोकं छताला टेकतं, मांड्या स्टिअरिंगला घासतात. सीट अगदी खाली आणून तिच्यावर कुणाला तरी बसवा आणि गादी दबल्यावरची उंची मोजा. दार लावल्यावर बटणापर्यंत बोटं पोचतात का, तेही बघा. दोन दारांच्या गाडीत आणखी एक अडचण असते. चार दारांच्या गाडीतली सीट मागच्यांना वाट द्यायला सहसा पुढे कलंडत नाही.

नुसत्या पत्र्यात बोल्ट

ही चूक जिवावर बेतू शकते. जुन्या गाडीचा फ्लोअर पातळ असतो, कडेने गंजलेलाही असतो, आणि पॉवर सीट मूळ सीटपेक्षा बरीच जड असते. शिवाय नव्या सीटला बेल्टचं बक्कल बऱ्याचदा सीटवरच असतं, म्हणजे धडकेत माणसाचाही बराचसा भार त्याच चार बोल्टांवर येतो. साधा वॉशर अशा वेळी पत्रा फाडून वर येतो. खालून जाड पोलादी प्लेट द्या, बोल्ट 8.8 किंवा त्यावरच्या ग्रेडचे वापरा आणि जमेल तिथे मूळ क्रॉस मेंबरचा (फ्लोअरखालच्या आडव्या तुळईचा) आधार घ्या. ड्रिल चालवण्याआधी गाडीखाली जाऊन ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या कुठून गेल्यात ते पाहा.

सीट कण्हते, मध्येच अडकते

सीट बाहेर जमिनीवर सुरळीत सरकते आणि गाडीत घट्ट केली की अडते, असं झालं तर मोटरला दोष देऊ नका. फ्लोअर सपाट नसतो. बोल्ट आवळले की रेल, म्हणजे सीट ज्यांवर सरकते त्या पट्ट्या, पिळल्या जातात. चारही बोल्ट थोडे सैल करून सीट चालवा. मोकळी झाली, तर कोपऱ्याखाली शिम, म्हणजे धातूची पातळ चकती, द्यायची गरज आहे.

सीट तिरपी चालत असेल, तर कारण वेगळं. बऱ्याच सीटमध्ये एकच मोटर लवचीक केबलने दोन्ही रेल फिरवते. काम करताना केबल निघाली आणि एकच रेल फिरली, की दोघींचा मेळ सुटतो. केबल काढून दोन्ही रेल एकाच टोकापर्यंत न्या, मग केबल परत लावा.

वायरिंग

सिगारेट लायटरच्या वायरीतून सीटला वीज देऊ नका. अडकलेली मोटर 20 अँपिअरपेक्षाही जास्त प्रवाह ओढू शकते. बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणा, फ्यूज बॅटरीजवळच बसवा आणि अर्थची वायर तेवढीच जाड ठेवा. सीट हळू चालत असेल, तर बटण दाबून धरून सीटच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. भार नसताना वायरीतली एकच बारीक तार शाबूत असली तरी मीटर 12 दाखवतो! 1950च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्या 6 व्होल्टच्या आहेत, आणि काहींत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. आधी ते तपासा.

मेमरीवाली, म्हणजे ठरवलेली जागा लक्षात ठेवणारी सीट शक्यतो घेऊच नका, असं माझं ठाम मत आहे. अशा बऱ्याच सीटचं बटण मोटरला थेट वीज देत नाही. ते एका मॉड्यूलशी (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल डबीशी) बोलतं, आणि तुमच्या गाडीत पुढचं ऐकणारं कुणी नसतं.

पिवळा कनेक्टर

1990च्या दशकाच्या मध्यापासून सीटच्या कुशीतच साइड एअरबॅग येऊ लागल्या. काही बक्कलांखाली बेल्ट खेचून धरणारा प्रीटेन्शनरही असतो. दोन्हींत स्फोटक असतं. त्यांचा पिवळा कनेक्टर दिसला तर त्यात मीटरची टोकं खुपसू नका, बॅटरी लावून "काय होतंय बघू" तर नाहीच. जाणकाराकडून एअरबॅग आणि प्रीटेन्शनर सीटमधून काढून घ्या.

शेवटी कार्पेट अंथरूनच सीट बसवा, कारण त्याच्या जाडीनेही उंची बदलते. मग माणूस बसवून सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा आणि खाली कुठे वायर चिमटत नाही ना, ते टॉर्च धरून पाहा. शेदोनशे किलोमीटर झाल्यावर चारही बोल्टांवर पुन्हा पाना फिरवा.