खेकड्याच्या सापळ्यातलं आमिष: या चुका टाळा

सापळा रिकामा वर आला की पहिला हात आमिषाच्या टोपलीत जातो. 'आणखी एक मासा टाका!' बहुतेक वेळा पैसा तिथेच वाया जातो. खेकडा वासावर येतो. डोळ्यांजवळच्या बारीक मिशा फडफडवत तो पाण्यात उतरलेला अर्क टिपतो आणि प्रवाहाच्या उलट चालत आमिष गाठतो. त्यामुळे मासा किती किलो घातला यापेक्षा त्याचा अर्क किती तास झिरपतो, हे पाहा.

सर्वात महागडी चूक म्हणजे आमिष उघडं बांधणं. पहिलाच खेकडा ते फस्त करतो, उरलेलं बारके मासे कुरतडतात, आणि पुढची सगळी रात्र सापळ्याला वासच नसतो. भोकं पाडलेला डबा किंवा जाळीची पिशवी वापरा, पण ठासून भरू नका. पाणी आरपार खेळलं पाहिजे. डबा मधोमध टांगा. कडेला लावलात तर खेकडे बाहेरूनच नांगी घालून ओरबाडतात, आत कशाला येतील?

'जितकं कुजकं तितकं चांगलं' हेही सोडा. ताजा किंवा नीट गोठवलेला तेलकट मासा सहसा सरस ठरतो. मात्र त्यासाठी खाण्याजोगे बांगडे-तारल्या कापायची गरज नाही. मासळी साफ करताना उरलेली मुंडकी आणि काटे चालतात. खात्री नसेल तर एकाच पट्ट्यात एकाआड एक सापळ्यांत मुंडकी आणि नेहमीचं आमिष लावा, दहा-बारा फेऱ्यांची नोंद ठेवा. एका रात्रीवरून निकाल लावू नका.

दुसऱ्या पाण्यातले खेकडे-कोळंबी आमिषाला नकोतच. त्यांच्यासोबत रोगही आपल्या पाण्यात येऊ शकतो; कोळंबीला मारणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू गोठवूनही मरत नाही.

आमिष शाबूत आणि सापळा रिकामा? बहुधा जागा चुकली, किंवा खेकडे कात टाकत असतील. आमिष संपलं, खेकडा नाही? तोंडाची जाळी तपासा, सापळा लवकर उचला. नुसती पिल्लंच येत असतील तर दोष आमिषाचा नाही, त्यांना निसटायला भोक ठेवा.

हरवलेल्या सापळ्यात आमिष संपल्यावर अडकून मेलेले जीवच नवं आमिष बनतात, आणि सापळा कोणी न उचलता मारत राहतो. म्हणून सापळ्याची एक खिडकी कुजणाऱ्या सुती दोरीने बांधा; दोरी कुजली की ती उघडते आणि अडकलेले जीव सुटतात.