साइन फंक्शन न वापरता छोट्या स्क्रीनवर गोल कसा काढायचा

अर्डुइनो उनो R3 ला (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) 128×64 पिक्सेलची ओएलईडी स्क्रीन लावून गोल, षटकोन, घड्याळाचे काटे असलं काही काढायचं असेल तर लायब्ररीतल्या साइनच्या मागे लागू नका, त्या चिपमध्ये दशांशाची गणितं करणारं हार्डवेअरच नाहीये, सगळं सॉफ्टवेअरमधून होतं आणि वेळ खातं. रॅमही फक्त 2 केबी, त्यातला 1 केबी स्क्रीनच्या बफरलाच (चित्र साठवायच्या जागेला) जातो.

आधी बाजू किती लागतात ते बघा, कारण स्क्रीनवरचा गोल म्हणजे शेवटी बहुभुजच. जीवा आणि कंस यांच्यातली फट अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवायची तर 3.14 गुणिले त्रिज्येचं वर्गमूळ एवढ्या बाजू पुरतात. त्रिज्या 30 पिक्सेल असेल तर 18, म्हणजे दर 20 अंशांना एक बिंदू. लोक उगाच 360 काढत बसतात.

आता या बिंदूंच्या जागा काढायला लागणारा साइन. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचं सूत्र आहे (लीलावतीवाला भास्कराचार्य वेगळा, तो पाचेकशे वर्षांनंतरचा), आणि मला ते खरंच फार सुंदर वाटतं:

प = कोन × (180 − कोन)
साइन = 4प ÷ (40500 − प)

कोन अंशात, 0 ते 180. 30 टाकून बघा, 18000 भागिले 36000, बरोब्बर अर्धा! चूक जास्तीत जास्त 0.0016 च्या आसपास, म्हणजे 30 त्रिज्येला पिक्सेलचा विसावा भाग, दिसणारच नाही. कोन 180 च्या पुढे गेला की त्यातून 180 वजा करायचे आणि उत्तराला मायनस लावायचा. कोसाइन हवा तर कोनात 90 मिळवा, 360 च्या वर गेला तर 360 काढून टाका.

पूर्णांकात करताना आधी त्रिज्येने गुणा आणि मगच भागा, नाहीतर जवळपास सगळीकडे शून्यच येतं. प लाँग (मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) ठेवा, या उनोवर इंट (साधा पूर्णांक) 32767 लाच संपतो. आणि भागायच्या आधी वरच्या संख्येत छेदाचा अर्धा मिळवा म्हणजे उत्तर नीट राउंड होतं, मायनस त्यानंतर.

एक चूक मात्र हमखास होते, आकार फिरवताना मागच्या फ्रेमचेच (आधीच्या चित्राचेच) बिंदू परत फिरवायचे. 45 अंशाला हे सूत्र 0.7071 ऐवजी 0.7059 देतं, त्यामुळे दर वेळी आकार थोडा आकसतो आणि शंभर वेळा असा 45 अंशांनी फिरवल्यावर 84 टक्केच उरतो. म्हणून मूळ बिंदू जपून ठेवा आणि दर फ्रेमला एकूण कोन घेऊन तिथूनच फिरवा.