फोनने उघडणाऱ्या गाडीची दुसरी चावी कशी बाळगावी

मागच्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावरून पाचनईच्या बाजूने उतरून आम्ही चौघे गाडीपाशी आलो, तेव्हा दिवसभर रेंज शोधून शोधून माझ्या फोनची बॅटरी संपलेली होती. चावी म्हणून मिळालेले कार्ड पुढच्या दोन सीटांमधल्या खणात होते आणि खिडकीच्या काचेतून ते स्पष्ट दिसत होते. पॉवरबँकही आतच होती. मित्राच्या फोनवर अ‍ॅप घेऊन माझ्या खात्यात शिरू पाहिले, तर खात्याने ओटीपी मागितला आणि तो माझ्याच बंद फोनवर येणार होता. शेवटी गावातल्या एका घराच्या ओसरीवर फोन अर्धा तास चार्जिंगला लावला, तेव्हा कुठे गाडी उघडली. गाडी नवी घेतलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतो, कारण त्या दिवशी आमच्याजवळ दुसरी चावी नव्हती असे नाही. ती चुकीच्या जागी होती.

फोन गाडी कोणत्या मार्गाने उघडतो, हे आधी समजून घ्यावे. अ‍ॅपमधील ‘अनलॉक’ दाबल्यावर आज्ञा सहसा इंटरनेटवरून जाते, त्यामुळे फोन आणि गाडी या दोघांनाही नेटवर्क लागते. मॉलच्या तळघरातील पार्किंगमध्ये किंवा घाटात हा मार्ग बंद पडू शकतो. फोन खिशात ठेवून नुसते जवळ गेल्यावर गाडी उघडत असेल, तर ते काम ब्लूटूथ करते; त्याला नेटवर्क लागत नाही, पण फोन चालू असावा लागतो आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने अ‍ॅप मागच्या मागे बंद केलेले नसावे लागते. तिसरा मार्ग एनएफसीचा, म्हणजे फोन किंवा कार्ड काही सेंटिमीटरवर नेऊन टेकवण्याचा. अ‍ॅपलच्या वॉलेटमध्ये गाडीची चावी ठेवता येत असेल, तर आयफोनची बॅटरी संपून तो बंद पडल्यावरही पाच तासांपर्यंत ती चालू शकते. मात्र फोन आपण होऊन बंद केला असेल, तर ही सोय मिळत नाही. फोन हरवला, फुटला किंवा पाण्यात पडला, की फोनचा यांपैकी एकही मार्ग उरत नाही.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडून टेस्लाने भारतात आणलेल्या मॉडेल वाय या विजेवर चालणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्यात फोन हीच रोजची चावी आणि एटीएम कार्डाएवढे एक पातळ कार्ड ही राखीव चावी असते. कार्डात सेल नसतो, त्यामुळे ते कधी ‘उतरत’ नाही, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. चालकाच्या दारामागच्या खांबावर, कॅमेऱ्याच्या खाली, हे कार्ड सपाट टेकवून एक-दोन सेकंद तसेच धरावे; पुष्कळ जण ते पेट्रोल पंपावरच्या कार्डासारखे टेकवून लगेच उचलतात आणि ‘चालत नाही’ म्हणतात. आत बसल्यावर कार्ड मधल्या कन्सोलवरील ठरलेल्या जागी टेकवावे आणि दोन मिनिटांच्या आत ब्रेक दाबून गाडी चालू करावी. उतरल्यावर एक गोष्ट विसरू नये: फोन घेऊन दूर गेल्यावर गाडी आपोआप लॉक होण्याची जी सोय आहे, ती कार्डाला नाही. कार्ड खांबावर पुन्हा टेकवावे लागते आणि आरसे मिटल्याचे किंवा दिवे लुकलुकल्याचे पाहूनच निघावे.

आता ते ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. फोनच्या कव्हरमागे कार्ड सरकवून ठेवण्याची सवय सर्वांत वाईट, कारण फोन गेला की चावीही त्याच्याबरोबर जाते. शिवाय वायरलेस चार्जरवर फोन ठेवताना कार्ड मध्ये आले, तर त्यातील चिप खराब होण्याची शक्यता असते. गाडीतले खण, डॅशबोर्ड आणि सन व्हायझर यांचा तर विचारच करू नये. बंपरखाली चुंबकाची डबी चिकटवून तीत कार्ड ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण ज्याच्या हाती ते लागेल त्याच्या हाती पूर्ण गाडी जाते. पाकीट बाळगणाऱ्याने ते पाकिटात ठेवावे, परंतु वापरताना बाहेर काढावे, कारण टेकवून पैसे देण्याची बँकेची कार्डे त्याला चिकटून असली, तर गाडीला नेमके कार्ड ओळखता येत नाही. पाकीट न बाळगणाऱ्यांनी, विशेषतः सकाळी धावायला किंवा समुद्रात उतरायला जाणाऱ्यांनी, चेन असलेल्या आतल्या खिशात किंवा गळ्यातल्या जलरोधक पाऊचमध्ये ते ठेवावे. नियम एकच: फोन एका खिशात, कार्ड दुसऱ्या खिशात.

गाडीबरोबर मिळालेले दुसरे कार्ड घरातल्या कपाटात पडून राहू देऊ नये. पती-पत्नी दोघेही गाडी वापरत असतील तर प्रत्येकाकडे एक असावे. एकटे राहणाऱ्याने ते जवळच राहणाऱ्या आणि गरज पडल्यास आणून देऊ शकेल अशा माणसाकडे ठेवावे. कार्ड हरवले, तर त्याच दिवशी गाडीच्या पडद्यावर ‘लॉक्स’मधील चाव्यांच्या यादीतून ते काढून टाकावे. नवे कार्ड जोडताना आधीची चालू चावी हाताशी लागते, म्हणून शेवटची चावी उरेपर्यंत थांबणे योग्य नाही. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात, तेव्हा हरवल्याची लेखी नोंदही करून ठेवावी.

ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकसारख्या गाड्यांना फोनच्या चावीबरोबर नेहमीची रिमोट चावीही मिळते आणि लोक ती घरीच ठेवतात. ती बाळगावी. बहुतेक रिमोटांत सीआर २०३२ जातीचा बटन सेल असतो. तो संपला, तरी रिमोटच्या पोटातली धातूची चावी काढून चालकाचे दार उघडता येते. अनेक गाड्यांत तिचे भोक हँडलवरील टोपणाखाली दडलेले असते, ते एकदा दिवसाउजेडी शोधून ठेवावे. अशा प्रकारे दार उघडल्यावर अलार्म वाजू लागला, तर घाबरू नये. रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबल्यास अनेक गाड्या चावी ओळखतात.

महिन्यातून एकदा, घरासमोरच, फोन पूर्ण बंद करून राखीव चावीने गाडी उघडावी, चालू करावी आणि लॉक करावी. घरातल्या इतरांकडूनही हे करून घ्यावे. आणि एक मर्यादा लक्षात ठेवावी: गाडी पळवणारी मोठी बॅटरी भरलेली असली, तरी दाराची कुलपे आणि पडदा चालवणारी लहान बॅटरी पूर्ण उतरली, तर कार्डही चालत नाही. मॉडेल वायमध्ये अशा वेळी पुढच्या बंपरवरील टो-हुकचे (गाडी ओढून नेण्यासाठीच्या हुकचे) झाकण काढून आतल्या दोन वायरींना बाहेरून १२ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, म्हणजे बॉनेट सुटते आणि लहान बॅटरीपर्यंत पोचता येते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ही कृती दिलेल्या पानाचा फोटो आणि रस्त्यावरील मदतीचा क्रमांक कागदावर छापून, कार्डाबरोबर त्याच पाकिटात ठेवावा.