सहा महिने, म्हणजे एक सेमिस्टर : हॉस्टेलवरच्या टीबीत या चुका टाळा

औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. म्हणजे साधारण एक सेमिस्टर. विद्यार्थ्यांचं घोडं अडतं ते याच हिशेबात. परीक्षा झाल्यावर दाखवू, दिवाळीला घरी गेल्यावर बघू, आता बरं वाटतंय तर पुरे झाल्या गोळ्या. हा आजार पूर्ण बरा होतो, तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही विशीतली मुलं-मुली आजार पार बळावल्यावर दाखल होतात, याची हळहळ वाटते.

"धुळीचा खोकला" म्हणून महिना काढणं

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना खोकल्याचं कारण शोधावं लागत नाही. बांधकामाची धूळ असते, पाणी बदललेलं असतं, जागरणं असतात. वजन उतरलं की मेसच्या जेवणाला बोल लागतो. म्हणून एक निकष पक्का ठेवा : खोकला दोन आठवडे टिकला की तपासणी. सोबत संध्याकाळची कणकण, रात्री उशी भिजवणारा घाम, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागणं किंवा बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. खोकला नसतानाही टीबी असू शकतो. मानेत हळूहळू वाढणारी गाठ किंवा श्वास घेताना बरगडीत येणारी कळ दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

याच काळात दुसरी चूक होते, आणि ती जास्त महागात पडते. मेडिकलवाल्याकडून खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक गोळी घेतली जाते. या गटातली औषधं टीबीच्या जंतूंवरही चालतात. पाच-सात दिवसांत काही जंतू मरतात, ताप उतरतो, खोकला हलका होतो, आणि नेमकी तेव्हा केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. उरलेले जंतू मात्र पुन्हा वाढतात, आणि या औषधाला दाद न देणारे त्यांच्यात असतील तर पुढे अवघड टीबीत उपयोगी पडणारं एक हत्यार बोथट होतं. स्टिरॉइडचंही तसंच : तात्पुरता आराम, आत आजार वाढलेला. आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रक्त तपासून "टीबी नाही" म्हणणं

रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर भारतात 2012 पासून बंदी आहे. आयग्रा ही रक्ततपासणी आणि हातावरची मँटू चाचणी शरीरात जंतू शिरलेत का एवढंच सांगतात, आजार आहे की नाही ते नाही. लहानपणी बीसीजी टोचली होती, हाही विशीत भरवशाचा आधार नव्हे. फुफ्फुसाच्या टीबीसाठी छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी हवी. ट्रूनॅटचं यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही वापरता येतं. जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला दाद देतात का, हे दोन्ही यातून काही तासांत कळतं.

डबीत थुंकी भरून देणं

ही चूक फार होते. डबीत पातळ, फेसाळ लाळ गेली तर जगातलं उत्तम यंत्रही काही सांगू शकत नाही. सकाळी उठल्याउठल्या, चहा-नाश्त्याच्या आधी, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. माउथवॉश वापरू नका. मग गच्चीवर किंवा मोकळ्या जागी जा, कारण खोकताना हवेत उडणारे जंतू बाथरूममध्ये तसेच रेंगाळतात आणि तुमच्यानंतर आत जाणारा ते श्वासातून घेतो. दोन वेळा खोल श्वास घेऊन सोडा, तिसऱ्या श्वासाला पोटातून जोर लावून खोका. बेडका घट्ट, पिवळसर असावा आणि 2 ते 5 मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक छोटा चमचा भरावा. झाकण घट्ट लावा, नाव झाकणावर न लिहिता डबीवर लिहा, आणि नमुना त्याच दिवशी पोहोचवा.

गोळ्या वाटून घेणं, दुप्पट घेणं

गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. मोठ्यांसाठी 35 ते 49 किलोला रोज 3, 50 ते 64 ला 4, 65 ते 75 ला 5. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं असतात, पुढचे चार महिने तीन. दिवसभराच्या सगळ्या गोळ्या एकदम, शक्यतो उपाशीपोटी घ्यायच्या. दोन सकाळी, दोन रात्री अशी वाटणी केली तर औषधाची रक्तातली पातळी हवी तेवढी चढत नाही. फारच मळमळलं तर थोडं खाऊन घ्या, पण गोळ्या सोडू नका. ॲसिडिटीचं औषध लगेच वर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायच्या नाहीत. दर महिन्याला वजन करा. वजन वरच्या गटात गेलं तर गोळ्या बदलायच्या का, हे डॉक्टर ठरवतात.

केशरी लघवीला घाबरणं आणि काविळीला न घाबरणं

पहिल्याच दिवशी लघवी केशरी होते. तो रिफाम्पिसिनचा रंग, त्यात काहीच वाईट नाही. अश्रूही रंगतात, म्हणून सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या डागाळतात. सहा महिने चष्मा बरा. काविळीची खूण वेगळी असते. आरशात डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. तो पिवळा दिसला, अन्नावरची वासना उडाली, सारख्या उलट्या होऊ लागल्या, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यकृतावर आधीच भार असतो, म्हणून उपचार संपेपर्यंत दारू पूर्ण बंद. हातापायांना मुंग्या आल्या तर बी-6 ची गोळी लागते. लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला किंवा नजर धूसर झाली तर इथॅम्ब्युटॉल (गोळीतलंच एक औषध) थांबवावं लागतं, तेव्हा लगेच सांगा. गर्भनिरोधक गोळ्या रिफाम्पिसिनमुळे निकामी ठरू शकतात. मुलींना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी.

दोन महिन्यांनी, किंवा सुट्टीत, थांबणं

दुसऱ्या महिन्यात खोकला गेलेला असतो, गालावर तुकतुकी येते. तेव्हा झपाट्याने वाढणारे जंतू मेलेले असतात, सुस्त पडून राहिलेले शिल्लक असतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी आहेत. सुट्टीत गावी जाताना निक्षय क्रमांक, म्हणजे टीबी रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, सोबत ठेवा. देशभर एकच नोंद असल्यामुळे उपचार गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात वर्ग करता येतो. निघायच्या आठवडाभर आधी दवाखान्यात कळवा आणि वाटेपुरत्या गोळ्या हातातल्या सामानात ठेवा. अडलं तर 1800-11-6666 हा मोफत क्रमांक आहे. महिनाभर खंड पडला तर आहे तिथून पुढे सुरू करू नका, आधी तपासणी परत करावी लागते.

ताट वेगळं, खिडकी बंद

टीबी ताट-वाटीतून, अंथरुणातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. तरी ताट बाजूला काढलं जातं आणि अभ्यासिकेच्या खिडक्या एसीसाठी बंदच राहतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा थंड करून फिरवतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, ते जमत नसेल तर एक्झॉस्ट फॅन, हा खरा बचाव. रुग्णाने पहिले किमान दोन आठवडे मास्क लावावा आणि जमेल तर खिडकी असलेल्या स्वतंत्र खोलीत झोपावं.

रेक्टरनी मुलाला त्याच संध्याकाळी बसने घरी पाठवणं हा उपाय नव्हे. बंद बसमधले प्रवासी आणि घरातली म्हातारी माणसं धोक्यात येतात, उपचारही तुटतो. त्यापेक्षा शोध घ्या : उपचाराआधीच्या तीन महिन्यांत त्या खोलीत कोण झोपत होतं, अभ्यासिकेत शेजारी तासन्‌तास कोण बसत होतं. त्या सगळ्यांची लक्षणं विचारा, एक्स-रे करा. आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार देता येतो, एकतर आठवड्यातून एकदा असा 12 आठवडे किंवा रोज आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सहा महिने. खात्रीआधी मात्र नाही, कारण खऱ्या टीबीत हे अर्धं औषध जंतूंना औषधाला दाद न देण्याचा सराव देतं.

पोषणाचे पैसे न मागणं

निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिना 1000 रुपये थेट खात्यात जमा होतात. खासगी डॉक्टरकडे उपचार चालू असला तरी नोंद झालेल्या रुग्णाला ते मिळतात. अनेकांचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं आणि पैसे अडकतात. मेसच्या डब्यावर रोज दोन अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ यातून सहज निघतात. केळी, दही "थंड पडतं" म्हणून बंद करायची गरज नाही.

बेडक्याची तपासणी दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आणि उपचार संपताना पुन्हा होते. खोकला नाही म्हणून ती टाळू नका. त्यानंतरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवून यायचं असतं. तोवर पदवी हातात आलेली असते, शहरही बदललेलं असतं. निक्षय क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.